चौथा कप्पा

परीक्षकांचं पत्र आलं तेव्हा मॅडम आईच्या गोळ्यांचा डबा भरत होत्या. आठवड्याचे सात दिवस, दिवसाचे तीन खण, असा तो एकवीस खणांचा प्लास्टिकचा डबा रविवारी भरायचा असे, पण रविवारी थकव्यानं त्यांच्यानं उठवलं नव्हतं म्हणून तो सोमवारी सकाळी भरला जात होता. टेबलावर फोन थरथरला. मॅडमनी एका डोळ्यानं मेल वाचली आणि बुधवारच्या दुपारची गोळी गुरुवारच्या सकाळी जाऊन पडली.

"काय गं, कोण आहे?" आईनं विचारलं. वय ऐंशी, पण नजर अजून घारीची.

"परीक्षक. धाकटीच्या प्रबंधाबद्दल एक प्रश्न विचारलाय."

"मग त्यांना उत्तर दे आणि माझी गोळी जागेवर ठेव."

मॅडमना सगळे मॅडमच म्हणत. संस्थेत म्हणत, शेजारीपाजारी म्हणत, आणि आईसुद्धा चिडली की मॅडम म्हणे. वय चोपन्न. त्यातली सव्वीस वर्षं एकाच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, एकाच पेशीच्या मागे गेलेली. लग्न राहून गेलं, त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. झोप राहून गेली, त्याचं मात्र वाटे. अलीकडे तर त्या सकाळी उठायच्या त्याच दमलेल्या. सुट्टी घेऊन पाहिली, तर सुट्टीनंही दमल्या. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, काही झालेलं नाही. मॅडमना त्याचाच जास्त राग आला, कारण काही झालं असतं तर निदान त्यावर गोळी तरी मिळाली असती.

त्यांचं काम बाहेरच्या माणसाला सांगायला अवघड नव्हतं, पटवायला अवघड होतं. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात. त्या आवळल्या की वाहिनी अरुंद होते आणि रक्तदाब चढतो. सैलावल्या की उतरतो. आवळायचा हुकूम देतं कॅल्शियम. पेशीच्या बाहेर ते रग्गड असतं, आत जेमतेम चिमूटभर. भिंतीतली दारं उघडली की ते आत घुसतं, आतल्या साठ्यातूनही थोडं सुटतं, आणि मग पंप त्याला धक्के मारून पुन्हा बाहेर काढतात. मॅडमनी अशा प्रत्येक दाराचं आणि प्रत्येक पंपाचं समीकरण लिहून अख्खी पेशी कॉम्प्युटरमध्ये उभी केली होती. बटण दाबलं की पडद्यावर कॅल्शियमच्या लाटा उठत. आईची बीपीची गोळी नेमकं त्यातलंच एक दार बंद करायची, आणि त्यावरून आई कित्येक वर्षं एकच विनोद करत आली होती.

"तुझ्या त्या कॉम्प्युटरमधल्या पेशीचं बीपी कसं झटक्यात उतरतं! माझं का नाही गं उतरत?"

"तिला लोणी लागत नाही पावावर," मॅडम म्हणत. हे उत्तरही तितकंच जुनं होतं.

प्रश्न एका ओळीचा होता. प्रबंध उत्तम आहे, असं म्हणून परीक्षकांनी विचारलं होतं: प्रबंधाचा गाभा असलेली ती घट खोलीच्या तापमानालाही दिसते का? तशा नोंदी असल्यास तोंडी परीक्षेच्या वेळी दाखवाव्यात.

तोंडी परीक्षा नऊ दिवसांवर होती.

ती घट म्हणजे खळी. सहा वर्षांपूर्वी मॅडमनाच ती पहिल्यांदा दिसली होती. खऱ्या धमनीतल्या पेशींच्या नोंदी पाहताना त्यांच्या लक्षात आलं की लाटा चढत उतरत असताना मध्येच कॅल्शियमची रेघ जराशी आत दबते आणि पुन्हा वर येते, गालावर खळी पडावी तशी. साधारण चाळीस सेकंदांनी एकदा. कधी पस्तिसांनी, कधी पन्नासांनी. कॉम्प्युटरमधली पेशी काही केल्या खळी पाडेना. तिच्यात तेव्हा तीन कप्पे होते: पेशीबाहेरचा, पेशीतला, आणि आतल्या साठ्याचा. काही महिने डोकं खाजवल्यावर मॅडमनी चौथा कप्पा घातला. साठ्याच्या पाठीमागचा एक चिंचोळा कोपरा, जो अधूनमधून थोडं कॅल्शियम गिळतो आणि पुन्हा सोडतो. कप्पा घातला आणि पडद्यावर खळी उमटली. त्या दिवशी मॅडम तिसऱ्या मजल्यावरून जिन्यानं गाणं गुणगुणत उतरल्या होत्या, असं बघणारे अजून सांगतात. त्यावर तीन शोधनिबंध निघाले. दुसऱ्या सहा ठिकाणी लोकांनी आपापल्या पेशींना चौथा कप्पा जोडला. आणि साडेपाच वर्षांपूर्वी एक हुशार, हसरी, सतत पेन हरवणारी मुलगी त्याच विषयावर पीएच.डी. करायला आली. गटात सगळ्यांत लहान म्हणून तिला धाकटी म्हणायला लागले. तिच्यानंतर दोघं लहान आले आणि कंटाळून गेलेसुद्धा, पण धाकटी हे नाव काही सुटलं नाही. आता तिच्या कानाशी दोन पांढरे केस दिसत होते.

धाकटीला दुसऱ्या एका संस्थेत शिकवायची जागा मिळाली होती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू व्हायचं, फक्त अट एकच, पदवी हातात हवी. खोली सोडायची नोटीस तिनं घरमालकांना देऊन टाकली होती. म्हणजे आता सगळं त्या तोंडी परीक्षेवर येऊन थांबलं होतं.

मॅडम संस्थेत पोचल्या तेव्हा धाकटी आधीच मेल वाचून बसली होती.

"याचं उत्तर सोपं आहे, मॅडम," ती म्हणाली. पडद्याकडे बघतच बोलत होती. "चौथ्या कप्प्याचा पंप गरमीवर चालतो असं आपण धरलंय. गार झालं की तो मंदावणार. म्हणजे खोलीच्या तापमानाला खळी दिसायलाच नको. नसली, तर ते आपल्याच बाजूचं आहे."

उत्तर झकास होतं. इतकं झकास की मॅडमना उगाच चुकल्यासारखं वाटलं. पूर्वी असं काही सुचलं की ही पोरगी खुर्चीतून अर्धी उठायची, हातवारे करायची. आज पाढा म्हणावा तशी म्हणत होती. पण तीही दमली असेल, मॅडमच्या मनात आलं, आणि दमलेल्या माणसाला दमलेलं माणूस लगेच माफ करतं.

"नोंदी आहेत का तशा?"

"काकांकडे असतील जुन्या." एवढं बोलून धाकटी पुन्हा कामाला लागली.

"मी बघते," मॅडम म्हणाल्या आणि तळघरात निघाल्या. खरं म्हणजे कुणाला तरी पाठवता आलं असतं, पण सकाळपासून त्यांना गरम चहा मिळाला नव्हता आणि तळघरात तो हमखास मिळायचा.

तळघरात नळीकाका होते. उंदराच्या पोटातली केसाहून थोडी जाड धमनी सोडवायची, तिची दोन टोकं काचेच्या बारीक नळ्यांवर चढवून रेशमाच्या धाग्यानं बांधायची, तिच्यात कॅल्शियम दिसलं की चमकणारा रंग भरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिची चमक तासन्तास मोजत बसायचं, हे काम त्यांनी तेहतीस वर्षं केलं होतं. मॅडमपेक्षा ते जेमतेम पाच वर्षांनी मोठे, तरी मॅडमसकट सगळे त्यांना काका म्हणत, आणि त्यांना ते मनातून आवडत नसे. या महिन्याअखेर ते निवृत्त होणार होते. त्यांच्या नोंदी तारेवरून तिसऱ्या मजल्यावर जात. वरचे लोक त्यांच्यावर निबंध लिहीत, आणि प्रत्येक निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात त्यांचे आभार मानलेले असत. स्वतः काकांनी त्यातला एकही निबंध वाचला नव्हता. वाचायला कुणी दिलाही नव्हता.

"खोलीच्या तापमानाच्या नोंदी?" काकांनी किटलीतला चहा कपात ओतत विचारलं. "आहेत की. हीटर बिघडला होता ना पंधरा दिवस, तेव्हाच्या. कशाला हव्यात?"

"त्यात खळी दिसते का ते बघायचंय."

"कसली खळी?"

मॅडमनी भिंतीवरच्या कॉम्प्युटरवर एक नेहमीची नोंद उघडली आणि रेघेवर बोट ठेवलं. "ही. ही बघा. आणि ही."

काकांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं आणि सरळ झाले.

"हा तर हीटरचा ठोका आहे, मॅडम. हीटर बंद असताना कुठून येणार?"

मॅडमच्या हातातला कप तिथंच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. धमनी ठेवतो त्या बशीत पाणी जातं ते गरम करून जातं. गार झालं की हीटर टक्‌ करून लागतो, तापलं की बंद होतो. लागला की बशीत अर्धा-एक डिग्री वर जातं, आणि हा रंग गरमीनं जरा मंद पडतो. पडतोच. तेवढ्यापुरती चमक कमी दिसते. मी लिहून ठेवतो ना दर वेळी."

"कुठे लिहिता?"

काकांनी सरळ माऊस हातात घेतला आणि नोंदीचं पान उजवीकडे सरकवलं. वेळ, चमक, वाहिनीची रुंदी, दाब, आणि त्यापुढे पाचवा रकाना. शेरा. बाकी सगळा कोरा आणि मध्ये मध्ये एकच अक्षर: 'ही.' साधारण चाळीस ओळींनी एकदा 'ही.', पुन्हा 'ही.', पुन्हा 'ही.' पानामागून पान.

"हीटर लागला की मी हे बटण दाबतो," काका म्हणाले. "कागदाच्या गुंडाळ्या होत्या तेव्हा पेन्सिलीनं लिहायचो."

पाचवा रकाना मॅडमनी कधी पाहिलाच नव्हता. का पाहिला नव्हता तेही त्यांना लगेच आठवलं, आणि आठवून कानशिलं तापली. नोंदी आत घ्यायचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता, सात-आठ वर्षांपूर्वी एका दुपारी, घाईत. शेवटच्या रकान्यात शब्द आले की तो अडखळायचा. म्हणून त्यांनी एक ओळ घातली होती: पाचवा रकाना सोडून द्या. तेव्हापासून काका खाली लिहीत होते आणि वर ते गाळलं जात होतं.

"रंगच मंद होतो," मॅडम हळूच म्हणाल्या. "कॅल्शियम कमी होतच नाही."

"मला कॅल्शियमचं काय कळतंय? मला हीटरचं कळतं." काकांनी बिस्किटाचा पुडा पुढे केला. "का हो? काय झालं?"

मॅडमनी सांगितलं. चौथा कप्पा, तीन निबंध, सहा ठिकाणचे लोक, सगळं. काका आधी खो खो हसले, इतके की त्यांना ठसका लागला आणि डोळे पुसावे लागले. "माझ्या हीटरवर पीएच.डी.!" मग त्यांचं हसू एकदम विरलं.

"एकदा तरी विचारायचं होतं, मॅडम," ते म्हणाले. "मी खालीच होतो."

मॅडम चाकाच्या स्टुलावर बसल्या आणि कितीतरी वेळ त्यांना उठावंसंच वाटेना. मग जुन्या सवयीनं डोक्यात एक गोष्ट आली. एवढ्या एका शब्दावर विश्वास ठेवून चालणार नाही, करून बघायला हवं.

"काका, धमनी न लावता बघता येईल? नुसता रंग?"

"येईल की. त्यात काय."

काकांनी एक रिकामी काचेची नळी घेतली. तिच्यात कॅल्शियम मिसळलेलं रंगाचं पाणी भरलं, बशीत ठेवली, दिवे मालवले आणि पडद्यावर हिरवी रेघ सुरू झाली. नळीत ना धमनी होती, ना पेशी, ना कुठला कप्पा. दोघं रेघेकडे बघत बसले. कोपऱ्यात टक्‌ झालं. काकांनी सवयीनं बटण दाबलं. रेघ सरळ चालता चालता जराशी आत दबली, क्षणभर तशीच राहिली आणि वर आली.

"पडली तुमची खळी," काका म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

मॅडमनी आठ खळ्या मोजल्या. चार पुरे होत्या, पण उठायचं म्हणजे वर जायचं होतं. वर जाऊन त्या पोरीला सांगायचं होतं की तुझी साडेपाच वर्षं एका हीटरपायी गेली, चूक माझी आहे आणि फळ तू भोगायचं आहेस. किंवा मग सांगायचंच नाही. हेही त्यांच्या मनात आलंच, त्या काही देव नव्हत्या. धाकटीनं सकाळी दिलेलं उत्तर तयार होतं. गार तापमानाला खळी नाही, म्हणजे आपलंच खरं. परीक्षक मान डोलावतील, पेढीवर नवा माल पाहिल्यासारखे खूश होतील. पोरगी एक तारखेला रुजू होईल. खळी हीटरची आहे हे आणखी दहा वर्षांनी कुणीतरी शोधून काढेल, आणि दहा वर्षांनी मॅडम कुठे असतील कोण जाणे. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहायला काहीच कष्ट नव्हते. त्या क्षणी तरी कष्ट नसलेली कुठलीही गोष्ट मॅडमना गोड वाटत होती.

"पोरीचं आता काय होणार?" काकांनी दिवे लावत विचारलं.

"तिला अजून माहीत नाही."

काका थबकले. "कुणाला, धाकटीला? तिला माहीत आहे की. मागच्या वर्षीच येऊन विचारून गेली. थंडीत ठोके जवळ जवळ का पडतात, म्हणाली. मी म्हटलं, पोरी, थंडीत पाणी लवकर गार होतं, हीटर सारखा लागतो. तिनं वहीत लिहूनसुद्धा घेतलं. मला वाटलं तुम्हीच पाठवलं असेल."

तीन मजले मॅडम जिन्यानं चढल्या. लिफ्ट चालू होती, पण संतापाला लिफ्टमध्ये उभं राहता येत नाही. पहिल्या मजल्यावर त्यांना स्वतःचीच कीव आली, दुसऱ्यावर धाप लागली, आणि तिसऱ्यावर पोचेपर्यंत त्यांचं ठाम मत झालं की या मुलीनं आपला केसानं गळा कापला. मघाशी खाली बसून आपण स्वतः काय विचार करत होतो, हे त्या सोयीनं विसरल्या होत्या.

धाकटी तिच्या टेबलाशीच होती. पडद्यावर परीक्षेत दाखवायची स्लाइड तयार होती: 'तापमान आणि चौथा कप्पा'.

"नुसत्या रंगाच्या पाण्यात खळी पडते," मॅडम दारातूनच म्हणाल्या.

धाकटीचे हात कीबोर्डवर थांबले. "हो."

"तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तरी सकाळी मला ते उत्तर ऐकवलंस? पाच प्रकरणं लिहिलीस! माझ्या सहीनं ती गेली. मला तोंडघशी पाडायचं होतं का तुला?"

धाकटी वळली. मॅडमना वाटलं होतं ती रडेल, पण तिचा चेहरा कोरडा होता.

"मी सांगितलं होतं, मॅडम."

"कधी? कुणाला?"

"तुम्हाला. मेल केली होती, ग्राफ जोडून. तुम्ही उत्तरही दिलंत."

"मी? शक्यच नाही."

"बघा ना."

मॅडम आपल्या खोलीत जाऊन बसल्या. धाकटी पाठोपाठ येऊन दाराशी उभी राहिली. मेलच्या ढिगाऱ्यात शोधायला मिनिटसुद्धा लागलं नाही. चौदा महिन्यांपूर्वीची होती.

'मॅडम, सोबत ग्राफ जोडला आहे. सगळ्या नोंदी तारखेप्रमाणे लावल्या. खळ्यांमधलं अंतर थंडीत कमी होतं आणि उन्हाळ्यात वाढतं. पेशीला महिना कसा कळतो? काकांना विचारलं तर ते म्हणाले हा हीटरचा ठोका आहे, रंग गरमीनं मंद होतो. मला वाटतं चौथा कप्पा नाहीच आहे. आपण लवकर बोलायला हवं.'

आणि त्याच्याखाली, सहा मिनिटांनी पाठवलेलं उत्तर:

'मिळालं. आधी पाचवं प्रकरण संपव, मग बोलू.'

शब्द त्यांचेच होते. पण ते लिहिल्याचं मॅडमना काही केल्या आठवेना. त्यांनी तारीख पाहिली. आई त्या वर्षी पंधरा दिवस दवाखान्यात होती, तेव्हाचं असेल, असं त्यांना फार फार वाटलं. डायरी काढून पाहिली. आईला घरी आणून तेव्हा दोन महिने झाले होते. मेलच्या दिवशी मंगळवार होता, सकाळचे सव्वाअकरा, आणि डायरीत त्या पानावर काहीच नव्हतं. ना बैठक, ना डॉक्टर, ना कुणाचं आजारपण. साधा मंगळवार. त्या फक्त दमलेल्या होत्या. रोजच्याइतक्याच.

"पुन्हा का नाही आलीस?" त्यांनी विचारलं. आवाजात धार उरली नव्हती.

"दोनदा आले होते. एकदा तुम्ही खुर्चीत डोळे मिटून बसला होता. एकदा म्हणालात, आज नको गं." धाकटीनं दाराच्या कडीवर बोट फिरवलं. "मग मला वाटलं तुम्हाला सगळं माहीतच आहे. मेल वाचली आहे, कळलंय, आणि हे असंच पुढे न्यायचंय. मला वाटलं मोठी माणसं असंच करतात. म्हणून मग मीही शिकले तसं करायला. आजचं उत्तर मी चार महिन्यांपूर्वीच तयार करून ठेवलं होतं."

मॅडमना हे सगळ्यात जास्त लागलं. हीटर परवडला, तीन निबंध परवडले. या मुलीला त्यांनी समीकरणं शिकवली असतील नसतील, पण हे मात्र शिकवलं होतं, आणि तेही डोळे मिटून.

त्यांनी परीक्षकांना पत्र लिहायला घेतलं. आपण विचारलेल्या प्रश्नामुळे तपासणी केली. खळी रंगाची आहे, पेशीची नाही. नोंदी वाचणाऱ्या प्रोग्रॅममधली चूक माझी. चौथ्या कप्प्यावरचे माझे तिन्ही निबंध मी मागे घेत आहे. हे लिहिताना त्यांचा हात फार अडला नाही. सहा वर्षं चार ओळींत मावली.

"तुझ्या ग्राफचं लिहायला हवं," त्या म्हणाल्या. "चूक तू शोधलीस. प्रबंधात तेच मुख्य म्हणून घालता येईल. पहिली तीन प्रकरणं तशीही शाबूत आहेत. मी तुझी मेलच जोडते, तारखेसकट."

"जोडा. पण मग ते म्हणतील, चौदा महिन्यांपूर्वी माहीत होतं तर हिनं खोटा प्रबंध दिला कसा?"

खरं होतं. नुसती वरची मेल गेली असती तर धाकटी लबाड ठरली असती. मेल जोडताना पडद्यावर दोन्ही आले, वर तिचं पत्र आणि खाली मॅडमची एक ओळ. मेल पुढे पाठवताना लोक खालचं-वरचं साफ करतात, त्यात काही वावगं नाही, सगळेच करतात. ती ओळ पुसली तर मॅडम म्हणजे चूक कळताच प्रामाणिकपणे सांगणारी मार्गदर्शक. ओळ राहिली तर चूक समोर ठेवल्यावर 'मग बोलू' म्हणणारी. समिती बसेल, पत्रं येतील, यापुढे विद्यार्थी देतील की नाही कोण जाणे. कर्सर त्या ओळीच्या शेवटी लुकलुकत होता.

मॅडमनी ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तशीच ठेवली आणि पत्र पाठवून दिलं.

धाकटी टेबलाजवळ आली होती. "मॅडम, तुमचं उत्तर खालीच राहिलं."

"राहू दे."

"तुम्हाला विचारतील."

"विचारू देत. माझंच आहे ते."

धाकटी समोरच्या खुर्चीत बसली आणि आता मात्र तिला रडू फुटलं. मॅडमनी तिला रडू दिलं. पाण्याचा ग्लास सरकवला. परीक्षा नऊ दिवसांनी होणार नाही, हे दोघींना कळत होतं. प्रबंध नव्याने लिहायला सहा महिने तरी लागतील आणि एक तारीख काही सहा महिने थांबत नाही.

"ती जागा..." धाकटी नाक पुसत म्हणाली.

"त्यांच्या प्रमुखांशी मी बोलते. सहा महिने थांबा म्हणून सांगते. ऐकतील की नाही, ते मला सांगता येत नाही."

"कधी बोलाल?"

मॅडमच्या पाठीत कळ आली होती, डोळे चुरचुरत होते. घरी जाऊन पालथं पडावं, उद्या सकाळी ताज्या डोक्यानं फोन करावा, आता त्यांच्या जेवणाची वेळ असेल, असं सगळं एकदम त्यांच्या ओठांवर आलं.

"आत्ता करा, मॅडम," धाकटी म्हणाली. "मी इथेच बसते."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, फोन जवळ ओढला आणि नंबर लावला.